कॅम बदलल्यावर किक हलकी, चढाला ओढ नाही, गरम असताना सुरू होत नाही: स्प्लेंडरच्या इंजिनात नेमकं काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2009 ची स्प्लेंडर, रोज सकाळी दुधाचे दोन कॅन लावून फिरणारी. टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या स्क्रूचा) आवाज फार वाढला म्हणून हेड खोललं, तर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) इनलेट लोबवर, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या फुगवट्यावर, खड्डे पडलेले. नवीन कॅम टाकला, रॉकर (लोबची उचल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे हात) जुनेच ठेवले. तेव्हापासून किक हलकी लागते, थंड गाडीला दहा-बारा किक माराव्या लागतात, कार्बोरेटरमधून फटफट उडते, केर्लीकडून जोतिबाचा चढ दुसऱ्या गिअरवरसुद्धा ओढत नाही, आणि तापलेली गाडी बंद केली की पंधरा-वीस मिनिटं सुरू होत नाही. प्लग बदलला, सीडीआय (ठिणगीचा बॉक्स) बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला. आता मिस्त्री म्हणतात कॅमच डुप्लिकेट आहे, दुसरा आणा.

दुसरा कॅम आणायची घाई करू नका. सीडीआयही परत करता आला तर करा. हेड खोलायच्या आधी गाडी आवाज करत होती, पण सुरू होत होती आणि ओढतही होती. म्हणजे करंट आणि पेट्रोल तेव्हा ठीक होतं. कामानंतर लगेच आलेला दोष कामात हात लागलेल्या जागीच शोधायचा. या कामात हात लागला कॅम, टायमिंग चेन, टेन्शनर (चेन ताणून धरणारा), टॅपेट, हेडचं पॅकिंग आणि इनलेट पाईप एवढ्यांना. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून दोन वेगळे दोष एकावर एक बसलेले दिसतात: टायमिंग (क्रँकच्या मानाने कॅमची जागा) चक्राचा एक दात मागे, आणि टॅपेट टाईट. एकच दुरुस्त केला तर गाडी अर्धी सुधारेल आणि परत गोंधळ होईल, म्हणून दोन्ही एका बैठकीत तपासा.

आधी किक मारणं थांबवा. प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर घ्या, चौथा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने सावकाश पुढे फिरवा. क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे) पूर्ण दोन फेरे होऊ द्या. कुठेही धातूला धातू अडल्यासारखं कडक थांबलं तर तिथेच सोडा, जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल तर किकच्या एका झटक्यात त्याचा दांडा वाकतो, मग व्हॉल्व्ह आणि गाईडचा खर्च वाढतो. बिनअडथळा फिरलं तर पुढे चला.

आता खुणा. मॅग्नेटवर (क्रँकच्या डाव्या टोकावरच्या चुंबकाच्या चाकावर) दोन अक्षरं असतात, F आणि T. F म्हणजे ठिणगी पडायची जागा, T म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला. इंजिन नेहमीच्या दिशेने, म्हणजे डाव्या बाजूने बघताना घड्याळाच्या उलट, फिरवलं की केसिंगच्या खुणेसमोर आधी F येतो आणि मग T. हात काळे, उजेड कमी, खूण तेलकट, अशात F ला T समजून कॅम बसवणं ही फार नेहमीची चूक आहे. मॅग्नेट कापडाने पुसा, टॉर्च मारा आणि अक्षर वाचूनच ठरवा. T खुणेवर आल्यावर हेडच्या डाव्या अंगाचं गोल झाकण काढून कॅमच्या चक्रावरची (चेन बसते त्या दातेरी चाकावरची) बारीक गोल खूण बघा. ती हेडच्या खाचेसमोर सरळ यायला हवी. वरच्या खाचेसमोर नसेल तर क्रँकचा आणखी एक फेरा द्या, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एकच फेरा होतो.

खूण कुठे आहे यावर सगळं कळतं. चक्र ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने खूण खाचेच्या पुढे गेली असेल तर कॅम पुढे आहे. अजून खाचेपर्यंत पोचलीच नसेल तर कॅम मागे आहे. चक्राला 28 दात धरले तर एक दात म्हणजे कॅमवर जवळपास 13 अंश आणि क्रँकवर जवळपास 26 अंश. एवढ्या फरकाने इंजिन बंद पडत नाही, म्हणूनच माणूस फसतो. गाडी सुरू होते, फिरते, आणि सगळे कार्बोरेटरच्या मागे लागतात.

कॅम मागे असला की इनलेट व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन वर यायला लागला तरी दार उघडंच, त्यामुळे आत घेतलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे ढकललं जातं. म्हणून कार्बोरेटरच्या तोंडाशी पेट्रोलची वाफ उडते, एअर फिल्टर पेट्रोलने ओलसर होतो, किक हलकी लागते आणि कमी आरपीएमला ओढ मरते. वर रेस गेल्यावर मात्र गाडी बऱ्यापैकी चालते. कॅम पुढे असला तर उलट घडतं: किक जड, सुरुवातीची ओढ बरी, पण वेग वाढवताना इंजिन गुदमरतं आणि थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके येतात. तुमची हलकी किक आणि चढावर मेलेली ओढ दोन्ही पहिल्या प्रकारात, म्हणजे कॅम मागे असण्यात, बसतात.

इथे एक भीती काढून टाकतो. "कॅम 180 अंश उलटा बसला" असं गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. या गाडीत ठिणगीचा इशारा क्रँकवरच्या मॅग्नेटवरून येतो आणि प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, एक कामाची, एक वाया जाणारी. त्यामुळे क्रँक T वर असताना कॅम अर्धा फेरा फिरलेला असला तरी इंजिन नीट चालतं. नुकसान होतं ते दुसऱ्याच ठिकाणी: चक्र कॅमवर उलट्या बाजूने बसलं असेल आणि तुम्ही चक्राची खूण बघून टॅपेट लावलेत, तर त्या क्षणी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे दाबलेले असतात आणि टॅपेटचं माप पूर्ण खोटं निघतं. म्हणून टॅपेट लावताना खुणेसोबत कॅमकडेही बघा. दोन्ही लोबची टोकं रॉकरपासून लांब, पिस्टनच्या बाजूला असायला हवीत.

खूण पुरा दात नाही, अर्धा दात मागे दिसते, अशी स्थितीही असते. चक्र एक दात सरकवलं तर ती अर्धा दात पुढे जाते, म्हणजे कुठेच जुळत नाही. याचा अर्थ चेन ताणून लांबली आहे, किंवा हेडचं फेसिंग करून (त्याचं तोंड लेथवर घासून) ते बरंच उतरवलं गेलं आहे. हेड खाली आलं की चेनच्या ओढणाऱ्या बाजूचं अंतर कमी होतं आणि कॅम मागे पडतो. उद्यमनगरात लेथवर हेड फेस करायला दिलं असेल तर किती घेतलं ते विचारा. पृष्ठभाग सपाट होण्यापुरतं घ्यायचं, "कॉम्प्रेशन वाढेल" म्हणून जास्त घेऊ नये. चेन जुनी असेल तर नवीन कॅमसोबत नवी चेनच टाका. एवढ्या वर्षांची चेन नवीन कॅमवर ठेवण्यात काटकसर नाही.

दात सरकतो कसा, हे समजलं की परत सरकणार नाही. या इंजिनात टेन्शनर खालून स्प्रिंग आणि दांड्याने चेन दाबून धरतो. त्याचा सीलिंग बोल्ट इंजिनाच्या खालच्या बाजूला असतो, तो खोलला की स्प्रिंग बाहेर येते आणि थोडं तेल गळतं, खाली ट्रे ठेवा. दांड्याच्या टोकाला रबरी टोपी असते. ती झिजली, स्प्रिंग दबली किंवा दांडा गाळाने चिकटला, तर चेन ढिली राहते. मिस्त्री ढिल्या चेनवर चक्र बसवतात, खूण बरोबर दिसते, बोल्ट आवळतात, आणि मग टेन्शनरने ढिलाई ओढून घेतली की चक्र फिरतं आणि खूण सरकते. दुसरं असं होतं की चक्र काढताना चेन हातातून सुटते आणि क्रँककडच्या छोट्या चक्रावर दात सोडते. म्हणून चक्र काढायच्या आधी चेन तारेने बांधून वर धरून ठेवा आणि चेनच्या बोगद्यात स्वच्छ कापड कोंबा. चक्राचा बोल्ट त्या बोगद्यात पडला तर मॅग्नेटची बाजू खोलावी लागते.

दुरुस्ती अशी करा. मॅग्नेट T वर स्थिर. टेन्शनरचा ताण काढा. चक्राचे बोल्ट काढून चक्र कॅमवरून सुटं करा, चेन त्याच्यावरून एक दात सरकवा, खूण खाचेसमोर आणा, चक्र कॅमवर परत नीट बसवून बोल्ट हाताने लावा. टेन्शनर जोडा, मगच बोल्ट पूर्ण आवळा. आता हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या आणि पुन्हा T वर थांबवून खूण बघा. एकदा जुळली म्हणून सोडू नका. दोन फेऱ्यांनंतर जुळलेली खूण हीच खरी.

दुसरा दोष टॅपेटचा, आणि "गरम झाली की सुरू होत नाही" हे त्याचंच लक्षण आहे. नवीन कॅम बसला म्हणजे जुनं टॅपेट सेटिंग संपलं. झिजलेल्या लोबवर आवाज कमी व्हावा म्हणून टॅपेट बऱ्याचदा खूप टाईट केलेलं असतं. नवीन कॅमवर तेच सेटिंग राहिलं तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. थंडीत कसाबसा मिटतो, पण इंजिन तापलं की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, फट संपते, कॉम्प्रेशन गळतं आणि किक पोकळ लागते. पंधरा-वीस मिनिटांनी थंड झाल्यावर गाडी परत सुरू होते, ते यामुळेच. असंच चालवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते, कारण व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकून हेडमध्ये सोडतो.

स्प्लेंडरला इनलेट आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) दोन्हींना टॅपेटची फट 0.05 मिमी, इंजिन पूर्ण थंड असताना. थंड म्हणजे हात लावल्यावर कोमट नाही, असं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी धरा. एप्रिल-मे महिन्यात कोल्हापूरच्या उन्हात दुपारी उभ्या गाडीचं हेड उन्हानेच गरम असतं, ते माप चालत नाही. वरचं टॅपेट झाकण इनलेटचं, खालचं एक्झॉस्टचं. खालचं उघडताना थोडं तेल येतं.

फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) 0.05 ची पात अडखळत पण जोर न लावता आत जायला हवी, 0.08 ची जाऊ नये. चेक नट आवळताना टॅपेट स्क्रू त्याच्यासोबत किंचित फिरतो, त्यामुळे आवळल्यावर माप परत घ्या. स्क्रूचा आटा 0.5 मिमीचा असेल तर एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिमी आणि एक दशांश फेरा म्हणजे 0.05. पाव फेरा "अंदाजाने" फिरवणारा हात इथे चालत नाही. फिलर गेज स्वस्त मिळतो, तो घ्याच.

माप बरोबर लावलं तरी टकटक थांबत नाही, असं झालं तर टॅपेट स्क्रू पूर्ण काढून त्याचं टोक उजेडात धरा. जुन्या स्क्रूच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांड्याच्या जाडीचा गोल खड्डा पडलेला असतो. फिलर गेजची पात सपाट असते, ती खड्ड्याच्या कडांवर टेकते. पात म्हणते 0.05, पण दांडा खड्ड्यात जाईपर्यंत खरी फट दुपटी-तिपटीची असते. असा स्क्रू कितीही सेट केला तरी आवाज करणारच. तो बदलायचा, घासून सपाट करायचा नाही, कारण वरचा कडक थर गेला की काही दिवसांत नवा खड्डा पडतो.

आणि इथेच जुन्या रॉकरचा प्रश्न येतो. तुम्ही कॅम बदलला, रॉकर ठेवले, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. लोबवर खड्डे पडले म्हणजे त्याला घासणाऱ्या रॉकरच्या तोंडावरही खवले आलेले असणार. नखाने अडकतात ते. खरबरीत रॉकर नवीन लोबचा पृष्ठभाग थोड्याच किलोमीटरमध्ये सोलून काढतो. कॅम आणि रॉकर जोडीने बदलायचे, हा नियम पाळा. रॉकर पिनमध्येही ढिलाई आहे का ते हलवून बघा आणि पिन घालताना आट्याचं टोक बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी ती ओढून काढता येणार नाही.

मिस्त्रींच्या "डुप्लिकेट" या शंकेची तपासणी अंदाजाने नको, मोजून करा. जुना आणि नवा कॅम शेजारी ठेवून मायक्रोमीटरने प्रत्येक लोबची दोन मापं घ्या: टोकापासून पाठीपर्यंतची उंची, आणि त्याच्या काटकोनात गोल भागाचा व्यास. उंचीतून व्यास वजा केला की लिफ्ट, म्हणजे लोबची उचल, मिळते. जुन्या कॅमचा एक्झॉस्ट लोब शाबूत असेल तर त्याच्याशी नव्याचा एक्झॉस्ट जुळायला हवा. गोल भागाचा व्यास बराच कमी निघाला तर तो घासून पुन्हा तयार केलेला कॅम आहे. कडकपणा बघायला बारीक कानस लोबच्या न घासणाऱ्या कडेवर हलकीशी फिरवा. कडक लोखंडावर ती घसरते, मऊवर चावते. घासणाऱ्या पृष्ठभागावर मात्र कानस लावू नका.

खुणा आणि टॅपेट झाल्यावर कॉम्प्रेशन मोजा. गेज प्लगच्या जागी, थ्रॉटल पूर्ण उघडा, पाच-सहा जोरदार किक. या इंजिनाला 10 किलोच्या (प्रति चौरस सेंटीमीटर) वर मिळायला हवं. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून परत मोजायची पद्धत आहे, पण या इंजिनाचा ब्लॉक जवळपास आडवा असतो, तेल खालच्या अंगाला साचतं आणि रिंगच्या वरच्या भागाला पोचतच नाही. त्यापेक्षा हवेची चाचणी विश्वासाची. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना T वर ठेवा, गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरा, प्लगच्या जागी अडॅप्टर लावून कॉम्प्रेसरची हवा सोडा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंग. टाईट टॅपेटवर बरेच दिवस चाललेली गाडी असेल तर एक्झॉस्टकडे हमखास गळती सापडते, मग व्हॉल्व्ह काढून ग्राइंडिंग पेस्टने लॅपिंग करावं (सीटवर घासून बसवावं) लागतं.

कार्बोरेटरची फटफट टायमिंग लागल्यावरही थोडी राहिली तर इनलेट पाईपचा ओ-रिंग बघा. हेड काढताना पाईप निघतो आणि जुना चपटा ओ-रिंग परत बसवला जातो. इंजिन चालू असताना जोडावर साबणाचं पाणी टाका. आयडलिंग बदललं तर हवा घुसते आहे. पेट्रोल शिंपडून बघू नका, गरम सायलेन्सर जवळच असतो.

आता मूळ प्रश्न, जो कोणी विचारला नाही: पहिला कॅम खराब का झाला? लोबवर खड्डे तेल कमी पडल्याशिवाय फारसे पडत नाहीत. या इंजिनात तेल गाळायला खाली जाळी आणि क्लचच्या बाजूला फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो. तो फिल्टर फिरून गाळ कडेला साठवतो. वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही, आत काळा डांबरासारखा थर बसतो. त्यात आता जुन्या लोबची लोखंडी पूडही मिसळली आहे. दोन्ही उघडून रॉकेलने धुवा, नाहीतर तीच पूड नव्या कॅमला लागेल. हेडकडे जाणारं तेलाचं भोक तारेने आणि हवेने मोकळं करा. पॅकिंगला लावलेलं सिलिकॉन सोल्युशन जास्त झालं की त्याचा गोळा याच भोकात अडकतो. पॅकिंगच्या कडेने बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही गेलेलं असतं. काही इंजिनांत तेल हेडच्या स्टडच्या बाजूने वर चढतं आणि त्या नटाखाली तांब्याचा वायसर असतो. तो दुसऱ्या नटाखाली गेला तर तेल गळतं.

बसवताना लोबवर, रॉकरच्या तोंडावर आणि कॅमच्या बेअरिंगवर तेल चोपडा. कोरडा कॅम सुरुवातीच्या मिनिटभरातच ओरखडतो. 10W-30 चं, डब्यावर जेएएसओ एमए (JASO MA, दुचाकीच्या तेलाची खूण) लिहिलेलं तेल वापरा. कारचं तेल घातलं तर क्लच घसरू शकतो, कारण क्लच त्याच तेलात बुडालेला आहे. सुरू करायच्या आधी प्लग काढून पंधरा-वीस किक मारा, म्हणजे पंप तेल वर चढवेल. मग गाडी सुरू करून वरचं टॅपेट झाकण उघडा. मिनिटभरात आत तेल उडताना दिसायला हवं. दिसलं नाही तर लगेच बंद, तेलाचा रस्ता परत तपासा.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर उभ्या गाडीवर बराच वेळ रेस देत बसू नका. हे इंजिन हवेवर थंड होतं, उभ्या जागी ते तापतं. थोडं कोमट झालं की सपाट रस्त्यावर बाहेर काढा, वेग कमी-जास्त करत चालवा. आवाज ऐकायचा असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट झाकणावर आणि मूठ कानाला. टॅपेट आणि कॅमचा आवाज क्रँकच्या निम्म्या गतीने येतो, संथ टक-टक. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडचा आवाज त्याच्या दुप्पट वेगाने. थ्रॉटल सोडल्यावर डाव्या बाजूला खडखड आली तर ती चेनची ढिलाई.

पहिले काही दिवस कॅन कमी लावा आणि जोतिबाचा चढ मोकळ्या गाडीने करून बघा. सगळं बरोबर असेल तर तिसऱ्यावर ओढेल आणि वर पोचल्यावर बंद करून लगेच एका किकला सुरू होईल. ही तापलेल्या अवस्थेतली किक सगळ्यात प्रामाणिक चाचणी आहे. 500 किलोमीटरला तेल बदला, जाळी परत बघा, आणि त्याच दिवशी सकाळी थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा मोजा. नव्या रॉकर-कॅमची फट सुरुवातीला थोडी बदलते. त्यावेळी फट वाढलेली दिसली तर सेट करून चालवा. पण प्रत्येक वेळी इनलेटची फट झपाट्याने वाढत असेल, तर लोब पुन्हा खाल्ला जातो आहे. तेव्हा टॅपेट आवळत बसू नका, थेट तेलाच्या पंपापासून सुरुवात करा.